आप्पा, फोटोच्या मागं नावं लिहा

डडली, इंग्लंड
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे दीड मिनिटाचा कारभार. "बरी हायस न्हवं? जेवलीस? बरं, ठेव आता, बिल पडंल." व्हॉट्सअ‍ॅपला बिल पडत नाही हे तीन वर्षं सांगून दमले, म्हणून आज कागद घेऊन बसले. पत्र आलं की तुम्ही खुर्ची दारात ओढून, चष्मा सदऱ्याला पुसून ते दोनदा वाचणार, हे मला माहीत आहे. यावेळी मजकूर तुमच्या आवडीचा आहे. फुटबॉलचा. आधी दूध तापवून घ्या, मग बसा, नाहीतर आई मला बोल लावंल.

मी बरी आहे. थंडी कमी होतेय, पण सूर्य काही दिसत नाही. आईनं दिलेली चटणी पुरवून पुरवून खाते. बॅगेतल्या एका स्वेटरला अजून कांदा-लसणाचा वास येतो, तो मी कामावर घालत नाही.

काम तेच. घरोघरी जायचं आणि पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना उठवून चालायला लावायचं. त्यातला एक म्हातारबा आहे, ऐंशीचा. नाव सांगत नाही, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही असा इथं कडक नियम आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय. एरवी गप्प असतो, फुटबॉल निघाला की बोलतो. इथली बोली पुस्तकातल्या इंग्रजीसारखी नाही. 'यू'ला 'यौ' म्हणतात, 'येस'ला 'आर'. एखादी गोष्ट आवडली की म्हणतात 'बॉस्टिन'. हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलं 'लई भारी'! लंडनची माणसं या बोलीला हसतात, जसं पुण्यात गेल्यावर मला 'काय करायलाईस' म्हटलं की पोरी हसायच्या. तेव्हापासून त्या म्हातारबाचं बोलणं माझ्या डोक्यात आपोआप आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतलं होतं. तसंच लिहिते.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "इंडिया म्हंजे किरकेट न्हवं?" मी म्हटलं, आमच्या गावात नाही. आमच्या गावात जिथं कुस्तीचा आखाडा तिथंच फुटबॉलची टीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींची नावं सांगितली. 'तालीम' म्हणजे काय हे समजावताना माझा घाम निघाला. जिममध्ये फुटबॉल क्लब कसा, हेच त्याला कळेना. शेवटी शाहू स्टेडियमचा व्हिडिओ दाखवला, तो भरलेल्या गॅलरीचा, दादानं पाठवलेला. म्हातारबा मिनिटभर बघत राहिला. मग म्हणाला, "चौकातला पुतळा बघिटलास का?"

बघितला होता की! दीड वर्षं रोज त्याच्या समोरून जात होते. डडली हे आपल्या उद्यमनगरासारखं गाव आहे आप्पा. कोळसा, भट्ट्या, साखळ्या, नांगर. टायटॅनिक जहाजाचा मोठा नांगर इथल्या नेदरटनमध्ये घडवला आणि वीस घोडे जुंपून स्टेशनला नेला, हे इथं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. आता भट्ट्या बंद आहेत. टेकडीवर जुना किल्ला आहे आणि त्याच्याच अंगणात प्राणीसंग्रहालय. पन्हाळ्याच्या तटात वाघ-माकडं ठेवल्यासारखं. खाली बाजारपेठ, आणि बाजारपेठेत बॉल मारायच्या पवित्र्यातला ब्राँझचा एक तरुण पोरगा. मला वाटलं, असेल कुणीतरी. आपल्याकडं चौकात पुतळा म्हटलं की महाराज नाहीतर पुढारी. बॉल मारणारा माणूस चौकात उभा करतात हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तो डंकन एडवर्ड्स. १ ऑक्टोबर १९३६ चा जन्म, इथलाच. बाप ग्लॅडस्टन लोखंडाच्या कारखान्यात. आई सारा अ‍ॅन. धाकटी बहीण होती, ती काही आठवड्यांची असतानाच गेली, म्हणून हा एकुलता एक. प्रायरी वसाहतीत घर, एल्म रोडवर. मी मागच्या महिन्यात मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. साधी विटांची जोडघरं, पुढं हातभर बाग. रस्त्यावर उतार आहे. बॉल मारला की खाली पळत जाऊन आणावा लागत असणार.

तुम्हाला गंमत सांगते. शाळेत तो मॉरिस डान्सच्या टीममध्ये होता. हा इथला जुना गावनाच. पायाला घुंगरं बांधायची, हातात रुमाल किंवा काठ्या घ्यायच्या आणि रांगेत उड्या मारायच्या. आपल्या लेझमीचा लांबचा भाऊ. नाचाच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली आणि त्याच सुमारास शाळकरी मुलांच्या इंग्लंड टीमच्या निवड चाचणीलाही बोलावणं आलं. तो चाचणीला गेला. पण म्हातारबाचं म्हणणं असं की त्याचा तोल त्या नाचातनंच आलेला. खरं-खोटं देव जाणे. मी फिजिओ म्हणून एवढंच म्हणेन की एका पायावर उड्या मारून घोटा बळकट होतो, यात शंका नाही.

बारा वर्षांचा असताना मँचेस्टर युनायटेडच्या माणसानं त्याला हेरलं आणि वर कळवलं की या पोरावर लक्ष ठेवा. १९५२ च्या जूनमध्ये तो मँचेस्टरला गेला. इथून वुल्व्हरहॅम्प्टन सहा मैलांवर. तेव्हाची वुल्व्ज म्हणजे देशातली वाघासारखी टीम, आणि दारातलं पोरगं परपेठेनं पळवलं! म्हातारबा वुल्व्जवाला आहे. सत्तर वर्षं झाली तरी त्याच्या पोटातलं दुखणं गेलेलं नाही. "आमच्या परड्यातला आंबा, आन खाल्ला दुसऱ्यानं." (आंबा माझा, आप्पा. तो सफरचंद म्हणाला होता.)

पहिली मोठी मॅच ४ एप्रिल १९५३ ला, कार्डिफविरुद्ध. वय १६ वर्षं १८५ दिवस. आणि हरले ४-१ नं! मला हे फार आवडलं. दैवी माणसाच्या गोष्टीत पहिल्या मॅचला तीन गोल असतात, याच्या गोष्टीत सपाटून मार आहे. मग मात्र थांबला नाही. २ एप्रिल १९५५ ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला तेव्हा अठरा वर्षांचा. ती मॅच इंग्लंडनं ७-२ नं जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढ्या लहान वयात इंग्लंडकडून खेळण्याचा त्याचा तो विक्रम १९९८ साली मायकल ओवेननं मोडला, तोवर टिकला. युनायटेडकडून १७७ सामने, २१ गोल. इंग्लंडकडून १८ सामने, ५ गोल. १९५६ आणि १९५७, लागोपाठ दोन लीग विजेतेपदं.

आता तुम्ही म्हणाल, २१ गोल? एवढ्यावर पुतळा? शुक्रवारी दहा-अकरा वर्षांच्या एका पोरानं हेच विचारलं, ते पुढं सांगते. तो लेफ्ट हाफ होता. सहा नंबर. त्याचं काम गोल अडवायचं, बॉल काढून घ्यायचा आणि पुढं पोचवायचा. पण गरज पडली की बॅकला खेळायचा, फॉरवर्डला खेळायचा. दोन्ही पाय सारखे चालायचे. मांड्या म्हणजे पैलवानाच्या. १९५६ च्या मे महिन्यात बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर पश्चिम जर्मनीविरुद्ध बॉल घेऊन मधनं घुसला आणि लांबूनच असा फटका ठेवून दिला की जर्मन लोकसुद्धा बघत राहिले. इंग्लंड ३-१ नं जिंकलं.

त्याचं चित्रीकरण फारच थोडं आहे. मी शोधलं. काळी-पांढरी, धुरकट, काही सेकंदांची तुटक दृश्यं, त्यात तो येतो आणि जातो. म्हणून म्हातारबाला विचारलं, तुम्ही बघितलेलं काय आठवतं? तो लहानपणी वडिलांबरोबर मोलिन्यूला, म्हणजे वुल्व्जच्या मैदानावर जायचा, कठड्याला नाक लावून उभा राहायचा. त्याला गोल आठवत नाही. स्कोअरही आठवत नाही. त्याला आवाज आठवतो. म्हणाला, "बाकीच्यांनी बॉल मारला की 'थप्' व्हायचं. ह्यानं मारला की दरवाजा आपटल्यागत व्हायचं." तेव्हाचा बॉल कातडी, पावसात पाणी पिऊन धोंड्यासारखा जड व्हायचा.

आप्पा, इथं मी पेन खाली ठेवलं होतं. कारण हे मी आधी ऐकलेलं आहे, तुमच्या तोंडून. गांधी मैदानात पाणी साचलेलं, बॉल चिखलात रुतलेला, आणि तुमचा दोस्त अनवाणी पायानं तो असा मारायचा की तालमीतल्या पोरांना न बघता कळायचं कुणी मारला. तुम्ही दर सीझनला सांगायचा, आणि आम्ही भावंडं डोळे फिरवायचो. "झालं, आता कॉर्नरचा गोल येणार." मग तो यायचाच. ७७ सालची फायनल, कॉर्नरवरून थेट आत, गोलकीपर अजून हात वर करून उभा. दादा तर तुमची नक्कल करून दाखवायचा. मला आज त्याची शरम वाटते, पण त्याला हे कळवू नका, तो अजून हसंल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. १ फेब्रुवारी १९५८ ला लंडनमध्ये आर्सेनलविरुद्ध मॅच झाली. ५-४ नं युनायटेड जिंकलं, पहिला गोल डंकनचा. इंग्लंडच्या मातीवरची ती त्याची शेवटची मॅच. चार दिवसांनी बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३, आणि युरोपियन कपाच्या सेमीफायनलमध्ये प्रवेश. ६ तारखेला परतताना विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा. आपल्याकडं पावसाळ्यात वाडीच्या रस्त्याला होतो तसाच, फक्त पांढरा. दोनदा विमान उडायला धावलं, दोनदा थांबवलं. सगळे उतरून पुन्हा विमानतळाच्या इमारतीत जाऊन बसले. आता आज काही निघत नाही, असं धरून डंकननं मँचेस्टरला आपल्या घरमालकिणीला तार केली : विमानं रद्द, उद्या येतोय.

तिसऱ्यांदा विमान धावलं ते कुंपण तोडून पलीकडच्या घरावर गेलं. वेळ दुपारची ३ वाजून ४ मिनिटं. विमानात ४४ माणसं होती, एकूण २३ गेली, त्यात आठ खेळाडू. पायलट वाचला, पण पंखांवरचं बर्फ न काढल्याचा ठपका कितीतरी वर्षं त्याच्या डोक्यावर राहिला. दोष त्या राड्याचा होता, हे मान्य व्हायला १९६९ साल उजाडलं.

तार पोचली ती अपघातानंतर.

डंकन मात्र जागच्या जागी गेला नाही. पंधरा दिवस तो म्युनिकच्या रेख्ट्स डेर इझार हॉस्पिटलात झुंजत होता. पाय मोडलेला, बरगड्या मोडलेल्या, पण जीवावर उठल्या त्या किडन्या. फ्रायबुर्गहून कृत्रिम किडनीचं यंत्र आणवलं. तेव्हा ही यंत्रं सगळीकडं नव्हती, आजच्यासारखं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला रिक्षानं जाऊन आलं, असं नव्हतं. डॉक्टरांनाच आश्चर्य वाटत होतं की हा एवढे दिवस टिकलाय कसा. शुद्धीवर असताना त्यानं जिमी मर्फींना, म्हणजे युनायटेडच्या दुसऱ्या कोचना विचारलं म्हणे, "शनिवारी वुल्व्जबरोबरची मॅच किती वाजता आहे? मला चुकवायची नाही." ही गोष्ट इथं सगळे सांगतात. म्हातारबा हे सांगताना भिंतीकडं बघतो, कारण वुल्व्ज त्याची.

१९ फेब्रुवारीला अपघातानंतरची पहिली मॅच झाली. शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध. मॅचचं छापील पत्रक निघतं ना, त्यात युनायटेडच्या खेळाडूंची नावं असतात त्या जागी नुसत्या कोऱ्या ओळी होत्या. कोण खेळणार हेच छापायच्या वेळी ठरलं नव्हतं. त्या पत्रकाचा फोटो मी बघितला. आप्पा, मृतांची नावं कोरलेल्या पाट्या इथं जागोजाग आहेत, पण त्या रिकाम्या ओळींनी मला जास्त हलवलं. ती मॅच पोरासोरांच्या टीमनं ३-० नं जिंकली. दोन दिवसांनी, २१ तारखेला पहाटे, डंकन गेला. वय २१. म्हणजे आपल्या धाकट्याएवढा, ज्याला आई अजून अंघोळीचं पाणी काढून देते.

त्याला डडलीत आणलं. २६ तारखेला अंत्ययात्रा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच हजारांहून जास्त माणसं. म्हातारबा तेव्हा तेरा वर्षांचा, शाळा बुडवून आला होता. काय बघितलं विचारलं तर म्हणाला, "टोप्या. सगळ्यांनी टोप्या काढल्या. माझ्या बापाचं टक्कल मी उन्हापावसात पयल्यांदा त्या दिवशी बघितलं."

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या नावाची रंगीत काचांची खिडकी आहे, १९६१ साली तिचं अर्पण मॅट बझ्बींनी केलं. बझ्बी म्हणजे युनायटेडचे मॅनेजर, जे स्वतः त्या विमानात होते आणि मरता मरता वाचले. काचेत डंकन एकीकडं युनायटेडच्या लाल जर्सीत आणि दुसरीकडं इंग्लंडच्या पांढऱ्या. देवळात संतांच्या ओळीला फुटबॉलपटू! पहिल्यांदा मला ते जरा अति वाटलं. मग आपल्याकडं वर्ल्डकपला गल्लीगल्लीत मेस्सीचं तीस फुटी कटआउट उभं राहतं ते आठवलं आणि गप्प बसले.

पण मला ज्याच्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ती गोष्ट वेगळीच आहे. पोरगा गेल्यावर त्याच्या बापानं कारखाना सोडला आणि डडलीच्या दफनभूमीत माळ्याचं काम धरलं. जिथं पोराला पुरलंय तिथंच. लोकांना वाटायचं, पोराजवळ राहावं म्हणून आला. तर तो म्हणायचा, तसं नाही, मला काम बदलायचंच होतं, मला फुलांची आवड आहे, उघड्यावर राहावंसं वाटत होतं. आता यात किती खरं मानायचं? मी बापाचं म्हणणं खरं धरते. माणूस दुःखातही काहीतरी साधं, आपल्यापुरतं कारण शोधतोच. पण गवत कापताना, आळी करताना तो दिवसातून किती वेळा त्या कबरीवरून जात असेल! दुरून आलेली माणसं त्यालाच विचारत असतील, डंकनची कबर कुठं हो?

आणि तुमच्या दोस्ताची आई. ७८ साली बाहेरगावच्या स्पर्धेवरून तो ताप घेऊन आला, कावीळ झाली, आणि पंधरवड्यात गेला. तेही पंधराच दिवस, बघा. ती कपिलतीर्थाला भाजी विकायची. तुम्ही सांगायचा की त्यानंतर ती गांधी मैदानाच्या बाजूनं कधी गेली नाही, डोक्यावर पाटी घेऊन लांबचा वळसा घालायची. एकानं रोज तिथंच जायचं काम पत्करलं, दुसरीनं तो रस्ताच टाकला. मला ती आठवते. दसऱ्याला सोनं द्यायला आपल्या घरी यायची, तुमच्या हातात आपट्याचं पान ठेवायची आणि तुम्ही वाकून नमस्कार करायचा. मला वाटायचं, ही आपली कुणीतरी लांबची आजी. ती का येते, हे मी कधी विचारलंच नाही.

परवा शुक्रवारी, २१ ला, मी काम संपवून दफनभूमीत गेले. म्हातारबाला जाता येत नाही, म्हणून त्यानं डॅफोडिलचा जुडगा माझ्याकडं दिला होता. रिमझिम होती. वीस-पंचवीस माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. मँचेस्टरहून आलेले काही, लाल मफलर घातलेले. दोघं वुल्व्जच्या पिवळ्या-काळ्यात. कबरीच्या दगडावर तो बॉल डोक्यावर धरून थ्रो-इन करायच्या पवित्र्यात कोरलाय, आणि खाली ओळी आहेत, निरोप न घेताच तो आम्हाला सोडून गेला अशा अर्थाच्या. बहिणीची कबर शेजारीच. भाषण-बिषण फारसं नाही. कुणीतरी थर्मासमधला चहा वाटला, मलाही दिला. कोण कुठली विचारलं नाही, साखर किती एवढंच विचारलं.

तिथंच ते पोरगं होतं, आजोबांबरोबर आलेलं. त्यानं मोबाइलवर शोधून बघितलं आणि मोठ्यानं म्हणालं, "एकवीसच गोल?" सगळे वळून बघायला लागले. त्याचे आजोबा ओशाळले. मग मफलरवाल्या एकानं त्याला समजावायला घेतलं की बॉबी चार्लटन, ज्यानं इंग्लंडकडून ४९ गोल केले आणि जो त्याच विमानातून वाचला, तो आयुष्यभर सांगत राहिला की मला ज्याच्यापुढं आपण कमी आहोत असं वाटलं असा एकच खेळाडू, तो डंकन. पोराला ते पटलं असं वाटलं नाही. आणि खरं सांगू, मला ते पोरगं आवडलं. कारण नंतर सुरू झालं ते नेहमीचं. १९६६ ला, इंग्लंडनं वर्ल्डकप जिंकला तेव्हा, तो एकोणतीस वर्षांचा असता. सहा नंबर त्याचा असता, कॅप्टन बॉबी मूरचा नव्हे. वर्ल्डकप त्यानंच उचलला असता. १९६८ चा युरोपियन कपही. असता, असता, असता. गेलेला माणूस दरवर्षी थोडा जास्त चांगला खेळायला लागतो. तुमचा दोस्तही सुरुवातीला 'जिल्ह्याकडून खेळला असता' होता, मी दहावीला जाईपर्यंत 'इंडियाकडून खेळला असता' झाला होता. हसू नका, खरं आहे.

हे मी म्हातारबाला सांगितलं. वाटलं, चिडंल. तो म्हणाला, "बरोबर हाय पोरी. तो चुकायचा बी. पास चुकला की मुंडी हलवायचा, अशी." आणि पलंगावर बसल्या बसल्या त्यानं मान डावीकडं झटकून दाखवली. आप्पा, ती मान आता जगात फक्त या म्हातारबाच्या मानेत उरलेली असणार. डंकनची आई नव्वदीच्या घरात असताना १९९९ साली त्या पुतळ्याचं अनावरण करून गेली. बाप त्याआधीच गेला. चार्लटनही २०२३ मध्ये गेला. गावाबाहेरच्या रस्त्याला डंकनचं नाव आहे, नव्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीला त्याचं नाव आहे. पण मान कशी झटकायचा ते रस्त्याला थोडंच येतं सांगता!

तर आता काम. तालमीच्या हॉलमध्ये दरवाजावर तुमच्या टीमचा फोटो आहे, ७७ सालचा. खाली नावांची पट्टी होती, ती वाळवीनं खाल्ली. गेल्या खेपेला आले तेव्हा मी बघितलं, तुम्ही उजवीकडून दुसरे, एवढंच मला सांगता आलं. तो कोणता ते मी ओळखू शकले नाही. त्याच्या गोष्टी मी शंभर वेळा ऐकल्या आणि त्याचा चेहरा मला माहीत नाही. दादाला सांगून तो फोटो खाली काढून घ्या, आणि मागं पेन्सिलीनं (शाई फुटते) सगळी नावं लिहा. टोपणनावं नकोत, पुरी नावं. कोण कुठं खेळायचं तेही. दोन नावं आठवत नसतील तर पेठेत फिरून विचारा, तेवढंच पाय मोकळे होतील. तुमच्या गुडघ्याला रोज वीस मिनिटं चालणं सांगितलंय, ते तुम्ही करत नाही हे आईनं मला कळवलेलं आहे.

आणि एकदा दादाला मोबाइल धरायला लावून सांगा तो कसा खेळायचा ते. 'इंडियाकडून खेळला असता' हे नको. पास चुकल्यावर काय करायचा, शिव्या कुणाला घालायचा, हाफटाइमला काय खायचा, ते सांगा. कॉर्नरचा गोल सांगितलात तरी चालेल. यावेळी कुणी डोळे फिरवणार नाही.

म्हातारबाला तुमच्याबद्दल सांगितलंय. कुठल्या जागी खेळायचे म्हणून विचारलं, मी म्हटलं राइट बॅक. तो म्हणाला, "म्हंजे लाथाळ." मी हो म्हटलं.

आईला सांगा, पुढच्या वेळी चटणीबरोबर थोडे काळे तीळ पाठव. धाकट्याच्या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा, इथले नंबर वेगळे आहेत. डोळ्याचे थेंब संपत आले असतील, आणून ठेवा. सीझनला आपली तालीम कितव्या नंबरवर आहे ते लिहा, हरत असलो तरी लिहा.

तुमची,
ताई